भोकं पाडून मिळतील

कोथरूडात मोटार उभ्या उभ्या तापते. कर्वे पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत जायचं म्हणजे पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला, आणि मग समोरच्या पीएमपीच्या पाठीवरची जाहिरात तोंडपाठ होईपर्यंत न्यूट्रल. वरून मेट्रो जाते, खालून आपण जात नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, हाफ शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर घेऊन हिंडणाऱ्या माणसाला रेसच्या गाडीचे ब्रेक का हवेसे वाटावेत, असा खुलासा माझ्या बायकोने वेळोवेळी मागितला आहे. तो इथे लेखी सादर करतो. तोंडी दिला की ती मधेच उठून कुकर बंद करायला जाते.

मूळ कारण माझा भाचा. तो हिंजवडीत नोकरी करतो, आणि ती नोकरी त्याच्या बाइकला कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पळायला पैसे पुरवते, असा एकूण व्यवहार आहे. एका रविवारी तो जेवायला आला आणि बाइक पार्किंगमध्ये नेमकी माझ्या मोटारीला खेटून लावली. पुढच्या चाकाला ही मोठी डिस्क, कडेला लाटा कापलेल्या, आणि अंगभर भोकं. मी बोट लावायला गेलो.

"मामा, हात नका लावू. गरम आहे."

माझ्या मोटारीबद्दल हे वाक्य कुणी कधी उच्चारलेलं नाही.

त्या दिवसापासून मला जिकडेतिकडे भोकं दिसू लागली. जेवण पोचवणाऱ्या पोराच्या बाइकला भोकं. तळमजल्यावरच्या कॉलेजकुमारीच्या स्कूटरला भोकं. आमचा दूधवाला, ज्याच्या बाइकला आरसा नाही, इंडिकेटर नाही, त्याच्याही डिस्कला भोकं. मी माझ्या मोटारीच्या व्हील कॅपच्या फटीतून मोबाइलची बॅटरी मारून पाहिलं. आत सपाट, राखाडी, कडेला गंज चढलेली डिस्क. अख्ख्या सोसायटीत बिनभोकाचा मी एकटाच.

भाच्याने समजावून सांगितलं होतं, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. बाइकची डिस्क पातळ, चार-पाच मिलिमीटरची, स्टेनलेस स्टीलची, उघड्यावर वारा खात फिरणारी. भोकांनी तिचं वजन कमी होतं आणि पावसात पॅडखालचं पाणी चटकन निघून जातं. मोटारीची डिस्क बीडाची. पुढची तर दोन थरांची, मधे वारा खेळायला पोकळी आणि त्या पोकळीत पाती. "ट्रॅकवर मोटारवाले बहुतेक प्लेन नाहीतर खाचा मारलेली डिस्क लावतात, मामा. भोकांना तडे जातात." हे तो म्हणाला तेव्हा मी पुरणपोळीवर तूप वाढून घेत होतो. माझ्या कानात दोनच शब्द उतरले, ट्रॅक आणि भोकं.

मग मी अभ्यासाला बसलो. आमच्या पिढीने ब्रेक म्हणजे काय ते बजाज चेतकवर शिकून घेतलं. ड्रम ब्रेक, उजव्या पायाखाली पेडल. लक्ष्मी रोडवर थांबायचं असेल तर अलका टॉकीजपासून दाबायला सुरुवात करायची. त्यामुळे डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 सालीच घेतलं होतं, हे वाचून मला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं. 1953 मध्ये जग्वारच्या सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क लावून ल माँची चोवीस तासांची शर्यत मारली. ड्रमवाले वळणाच्या कितीतरी आधी ब्रेकवर उभे राहायचे आणि जग्वारवाले बाजूने निघून जायचे. भोकं आली त्यानंतर. त्या काळच्या पॅडमध्ये माल धरून ठेवणारी जी राळ असायची, ती फार तापली की तिच्यातून वायू सुटायचा. पॅड आणि डिस्क यांच्यात त्या वायूचा पातळ थर साचायचा, आणि ड्रायव्हरने कितीही जोर लावला तरी पॅड त्या थरावरून घसरायचं. वायूला वाट करून द्यायला डिस्कला भोकं पाडली.

पुढच्या परिच्छेदात लिहिलं होतं की हल्लीच्या पॅडमधून असा वायू फारसा सुटत नाही. माझ्या मोटारीत वायूचा त्रास होतो तो मागच्या सीटवरच्या मिसळ खाल्लेल्या मंडळींना. पण तोवर मी पुस्तक मिटलं होतं. हवं ते मिळालं की पुढचं वाचायचं नाही, ही माझी शालेय जीवनापासूनची शिस्त आहे.

कोथरूडातल्या प्रत्येक इमारतीत एक निवृत्त इंजिनिअर असतो. बहुधा बिल्डरच लिफ्टबरोबर देत असावा. आमच्याकडचे काका टेल्कोतून निवृत्त झाले, त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली, तरी ते कंपनीला टेल्कोच म्हणतात. माझा बेत ऐकल्यावर त्यांनी एका लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं केलं आणि शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली.

"गाडीचं वजन?"

"हजार किलो."

"कर्वे रोडला वेग किती असतो तुझा?"

"असतो की. तीस."

"तीस नसतो, पण धरू. म्हणजे थांबताना पस्तीस हजार जूल. त्यातले सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर. दोघी मिळून नऊ किलो बीड. एका ब्रेकला डिस्क किती तापते?"

मी गप्प.

"सहा अंश. सहा! एप्रिल महिन्यात तुझ्या डिस्कला ब्रेकपेक्षा पार्किंगमधलं ऊन जास्त तापवतं. शंभरच्या वेगावरून एकदम थांबलास तर पासष्ट अंश. दोनशेवरून त्याच्या चौपट. तिथे, एकामागून एक वळणं असताना, तापण्याबद्दल बोलायचं. तू दोनशेने कुठे जाणार आहेस?"

"फॉर्म्युला वनच्या गाड्यांना असतात भोकं," मी ठेवणीतलं काढलं. 2011 ते 2013 अशी तीन वर्षं दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर शर्यती झाल्या, तिन्ही वेळा व्हेटेल जिंकला, हे मी टीव्हीवर प्रत्यक्ष पाहिलेलं होतं आणि त्या आधारावर बोलत होतो.

"असतात. हजाराच्या आसपास असतात. पण ती डिस्कच्या जाडीत, कडेवर असतात. तोंडावर नव्हे. आणि ती डिस्क कार्बनची. कडेच्या भोकांतून वारा बाहेर पडतो. तुझ्या भोकांत काय जाणार? मेट्रोची धूळ." काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. "ते जाऊ दे. ब्रेक ऑइल कधी बदललंस शेवटचं?"

मी त्यांच्या गॅलरीतल्या अबोलीची चौकशी केली.

तयार भोकांच्या डिस्कचा भाव विचारायला मी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने भाव सांगितला, मी तो पुन्हा विचारला, त्याने तोच पुन्हा सांगितला. माझ्या मनाला एक गोष्ट पटेना. भोक म्हणजे काढून टाकलेला माल. माल कमी आणि पैसे जास्त हा कुठला न्याय? उद्या अर्धी भाकरी मागितली तर पूर्ण भाकरीच्या दुप्पट पैसे मागतील. माझ्याकडे चांगल्या दोन डिस्क होत्या, त्यांतला थोडा माल कमीच तर करायचा होता. घरी येईपर्यंत माझा निर्णय झाला होता.

पौड रोडच्या आतल्या एका गल्लीत खिडक्यांचे ग्रिल आणि फाटकं करून देणारं एक वर्कशॉप होतं. बाहेर पत्र्यावर लाल रंगात 'वेल्डिंग, लेथ, ड्रिल. भोकं पाडून मिळतील' असं लिहिलेलं. तिथे उभं राहून मान वर केली की एआरएआयची टेकडी दिसते. देशातल्या गाड्या रस्त्यावर यायच्या आधी त्यांचे ब्रेक तपासणारी ही संस्था 1966 पासून आहे, आणि तिथले इंजिनिअर डिस्कवर यंत्रं लावून एकेका अंशाचा हिशेब ठेवतात. कोथरूडकरांना ती मुख्यतः संध्याकाळी फिरायला जायची जागा म्हणून माहीत. मीही तिचा उपयोग गल्ली ओळखायची खूण म्हणून केला.

"कशाची प्लेट आहे? गेटची?" ड्रिलवाल्याने विचारलं.

"ब्रेकची."

त्याने डिस्क हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली, मग मला दोन्ही बाजूंनी पाहिलं. "भोकं कुठं मारायची त्याचं मार्किंग आणलंय?"

मार्किंग मी आणलं होतं. आमच्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीचा तो भोकं पाडलेला जाड कागद असतो, ज्याच्यावर रांगोळी पसरून हात फिरवला की खाली ठिपके उमटतात. दिवाळीला अवकाश होता. मी तो गाडीच्या डिस्कवर धरून वरून खडूची पूड चोळली. ठिपके सुरेख आले. डिस्क गोल आणि ठिपके चौकोनात, त्यामुळे काही अगदी कडेला गेले, काही एकाच रेषेत एकामागे एक बसले, पण लांबून नक्षी छान दिसत होती. कारखान्यात ही भोकं तिरक्या वळणदार ओळींत का मारतात, पॅडचा प्रत्येक भाग सारखा घासला जावा म्हणून एकेक भोक केंद्रापासून वेगळ्या अंतरावर का ठेवतात, आतल्या पात्यांना चुकवून का मारतात, असल्या बारकाव्यांत रांगोळीचा कागद जात नाही.

भोकामागे भाव ठरला. एका डिस्कला चाळीस, दोन्हींना ऐंशी. एवढं घाऊक काम म्हणून मी सूट मागितली. त्याने मशीन चालू केलं. पोलादाला ड्रिल मारलं की चकचकीत वेटोळी निघतात, बीडाची मात्र काळी भुकटी पडते. ती वाऱ्याने उडून माझ्या शर्टावर बसली. तो शर्ट आजही फडकं म्हणून सेवेत आहे. काही भोकं सरळ आरपार गेली. काही आत पात्याला अडली, तिथे ड्रिल किंचाळलं आणि बिट मोडलं. बिटाचे पैसे वेगळे. मोडलेल्या बिटांवरून आमचा थोडा वाद झाला, तो मी हरलो.

शेवटी त्याने अंगठा भोकाच्या कडेवरून फिरवला. "धार राहिलीय. कड मारून देऊ का? म्हणजे तोंड थोडं पसरट करायचं."

"त्याचे पैसे?"

"पडतील थोडे."

"मग असू दे तशीच."

ते चार पैसे वाचवताना जी भोकाची धार मागे राहते, तिथूनच तडा सुरू होतो. हे मला काकांनी पुढे सांगितलं, आणि सांगताना त्यांनी खुर्ची माझ्यापासून थोडी लांब ओढून घेतली.

गॅरेजवाल्याने डिस्क बसवायला आधी नाही म्हटलं, मग तुमची गाडी तुमची जबाबदारी म्हटलं, मग मी चहा मागवला आणि त्याने बसवल्या. सगळं झाल्यावर त्याने चाक चढवलं, नट आवळले आणि वरून व्हील कॅप ठोकून बसवली. ऐंशी भोकं प्लॅस्टिकच्या झाकणाआड गेली. या प्रसंगाचा विचार मी केलाच नव्हता. मी घरी येऊन चारही कॅप उपटल्या आणि गाडी लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावून पार्किंगमध्ये पेपर वाचत बसलो. तासाभराने वॉचमन आला, वाकून पाहिलं आणि कळवळून म्हणाला, "साहेब, टोप्या चोरीला गेल्या काय तुमच्या?"

नव्या पॅडला आणि डिस्कला एकमेकांची ओळख करून द्यावी लागते. साठच्या वेगाला जायचं, पूर्ण न थांबता दहावर यायचं, पुन्हा साठ, पुन्हा दहा. म्हणजे पॅडचा एक सारखा पातळ लेप डिस्कवर चढतो. ओळखीचा हा कार्यक्रम कोथरूडात करायचा तर पहाटेला पर्याय नाही. मी उजाडायच्या आत पौड रोडला लागलो. वनाझ मागे टाकून साठ गाठले, ब्रेक मारला. पुन्हा साठ, पुन्हा ब्रेक. मागून स्कूटरवर येणारे एक आजोबा डेपोजवळ मला समांतर आले, कानटोपी वर केली आणि म्हणाले, "शिकत असाल तर मागे 'एल' लावा की. आम्ही लांबून जाऊ." चांदणी चौकात तर निराळाच प्रकार. तिथला जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरात उडवला आणि पुढल्या वर्षी इतके रॅम्प बांधले की ब्रेक लागतो की नाही यापेक्षा गाडी कुठे निघाली हे कळणं अवघड. भूगावकडे जायला निघालेला मी वारज्यात पोचलो. लेप चढला असावा. निदान माझ्यावर तरी चढला.

आता ब्रेक मारला की खालून एक घुर्रर्र आवाज येई. "मागे मेट्रो येतेय का?" असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, रेसिंगच्या गाड्यांना असाच येतो. कोरी, कड न मारलेली भोकं पॅड खरवडून काढताहेत याचा तो आवाज होता. चाकांवर काळ्या भुकटीचा थर बसायचा, तोही मी अभिमानाने पुसत नसे.

यानंतर सिंहगड.

पुण्याच्या माणसाच्या ब्रेकची खरी परीक्षा कुठल्याच ट्रॅकवर होत नाही. ती रविवारी दुपारी, पोटात पिठलं-भाकरी, भजी आणि मडक्यातलं दही असताना, सिंहगडाच्या घाटात उतरणाऱ्या रांगेत होते. गाडीत बायको, मुलगा आणि सांगलीहून आलेली मावशी. घाट उतरायला लागलो आणि मी रीतीप्रमाणे गाडी न्यूट्रलला टाकली. उतारावर गाडी आपोआप जाते, तिला पेट्रोल कशाला पाजायचं, हे आमच्या घराण्यातलं पिढीजात अर्थशास्त्र आहे. आमच्या वडिलांनी तर खंबाटकीत इंजिनही बंद केलेलं आहे.

रांग गोगलगायीच्या वेगाने सरकत होती. पाय ब्रेकवर होता, तो तिथेच राहिला. वारा लागायला वेग हवा, आणि वेग नव्हता. भोकं आपली नुसती भोकं होती. अर्ध्या वाटेवर एक उग्र जळका वास आला.

"भजी करपली रे कुणाची तरी," मावशी म्हणाली.

मी म्हटलं, हो, पुढच्या टपरीवर असेल. पुढे टपरी नव्हती. मग पेडल पायाखाली मऊ पडत गेलं. आधी निम्म्यावर लागणारा ब्रेक पाऊण खाली लागू लागला, आणि एका वळणाच्या तोंडाशी पेडल सरळ तळाला जाऊन टेकलं. समोर एक पांढरी गाडी, तिच्या मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद'. मी पेडल धपाधप पंप केलं, हँडब्रेक खेचला, गिअर कसाबसा दुसऱ्यात कोंबला. गाडीने एक हिसका दिला, मावशीच्या मांडीवरचं दह्याचं मडकं पुढे आलं, आणि आम्ही आईच्या आशीर्वादापासून हातभर अंतरावर, कठड्याच्या कडेला थांबलो. शर्टाच्या पाठीवर दही आणि पायांत कंप अशा अवस्थेत मी उतरलो.

पुढच्या चाकांतून धूर येत होता. गर्दी जमली. एका सद्गृहस्थाने पाण्याची बाटली उघडून चाकावर धरली, तेवढ्यात मागच्या वडापच्या जीपचा ड्रायव्हर ओरडत आला. "ओ, पानी नका वतू! तापलेलं बीड हाय, तडकंल." त्याने खाली बसून चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, गाडी न्यूट्रलला व्हती का?"

मी शब्द जुळवत होतो. "हो," बायको म्हणाली. "पेट्रोल वाचवतात ते."

"आन् ही भोकं कशापायी?"

"थंड राहायला," मी म्हणालो. धुराचा एक लोट मधे आला म्हणून त्याचा चेहरा मला दिसला नाही.

"ज्या गेरात चढला त्याच गेरात उतरायचं असतंय. बिरेक फकस्त टेकवायचा आन् सोडायचा." त्याची जीप दिवसभर हा घाट चढते-उतरते. तिच्या मागच्या चाकांना ड्रम होते. पुढे काय होतं ते चिखलामुळे दिसत नव्हतं. बसलेली दहा-बारा माणसं आमच्याकडे बघत शांतपणे शेंगा खात होती. गाडी निवेपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो, आणि नंतर पहिल्या गिअरमध्ये, इंजिन कण्हत असताना, खाली आलो. मावशीने सगळ्या वाटेत मारुतीस्तोत्राची आवर्तनं केली आणि पायथ्याला पोचल्यावर सांगलीच्या एसटीची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी काकांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. ऑइल मधासारखं दिसायला हवं ते चहाच्या रंगाचं झालं होतं.

"हे कधीचं आहे?"

"गाडीबरोबर आलेलं. कमी झालं नाही म्हणून बदललं नाही."

काकांनी डोळे मिटून घेतले. मग लग्नपत्रिकेचं दुसरं पाकीट आलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पुण्यात चार महिने हवेत दुसरं काही नसतं. डॉट 3 जातीचं ताजं ऑइल 205 अंशांच्या आत उकळू नये असा दंडक, पण त्यात पाणी मुरलं की हाच आकडा 140 वर येतो. डॉट 4 चे हे आकडे 230 आणि 155. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो; वाफ मात्र दाबली जाते. आपण पेडल तळाला नेतो आणि वाफेला तेवढा व्यायाम होतो.

"माणसं-बिणसं धरून तेराशे किलो, साडेपाचशे मीटरचा उतार. सत्तर लाख जूल झाले," काका म्हणाले. "शंभरच्या वेगावरून चौदा वेळा कचकन थांबण्याइतकी उष्णता. इंजिनाला गिअरमध्ये ठेवलं असतंस तर त्यातली बरीचशी त्यानेच खाल्ली असती. ते तू न्यूट्रलला टाकून सोडवलंस. आणि उष्णता साठवायला जे बीड होतं, त्यातलं दोनशे ग्रॅम पैसे देऊन काढून आणलंस."

डिस्क उतरवल्यावर त्यांनी एकेक दोरीला टांगली आणि माठ घेताना वाजवून बघावा तशी पान्याने टिचकी मारली. डावी बऱ्यापैकी वाजली. उजवी बद्द बोलली. भिंग लावून पाहिलं तर रांगोळीच्या एका ठिपक्यापासून थेट बाहेरच्या कडेपर्यंत केसासारखा तडा गेलेला. त्या ठिपक्याच्या कडेवर अजून धार होती. मी बोट फिरवून पाहिलं, कापलं.

भाच्याला फोन केला. तो पोटभर हसला आणि मग गंभीर झाला, ते जास्त वाईट होतं. "मामा, ब्रेम्बोचा कारखाना आपल्या चाकणला आहे. जगातले लोक आपल्या पुण्यात येऊन ब्रेक बनवतात. आणि तुम्ही मामीच्या रांगोळीच्या कागदाने?" मामी तेव्हा तो कागद शोधत होती. त्याच्यावर आता बीडाचे डाग आहेत आणि या दिवाळीला आमच्या दारात कमळ उमटलं ते थोडं करड्या रंगाचं होतं.

शेवटी नव्या प्लेन डिस्क आणल्या, चांगले पॅड आणले आणि डॉट 4 ऑइल भरून नळ्यांतली हवा काढली. सगळ्यात स्वस्त पडलं ते ऑइल. काकांनी दर दोन वर्षांनी बदलायची तारीख माझ्या घरच्या कालनिर्णयवर लाल पेनने स्वतः येऊन लिहिली, कारण माझ्या हाती पेन द्यायला ते तयार नव्हते. आणि उद्या समजा मी खरंच ट्रॅकवर गेलो तर कुठली डिस्क लावू, असं मी विचारलं. "हीच. पॅड आणि ऑइल जास्त तापमान सोसणारं घाल. फार तर खाचांची डिस्क लाव, पण झिजेल लवकर. कारखान्यातून भोकं घेऊन आलेल्या असतात महागड्या गाड्यांना, पावसात पहिली पकड बरी देतात, दिसतातही छान. त्या गाड्यांचं त्यांना लखलाभ." एवढं बोलून त्यांनी माझ्या व्हील कॅप स्वतःच्या हाताने ठोकून बसवल्या.

जुन्या डिस्क काही दिवस गॅलरीत पडून होत्या. बायकोने त्यांना तुळशीच्या कुंडीखाली ठेवायला नकार दिला. मग एके सकाळी गल्लीत भंगारवाल्याची हाक आली तशी मी दोन्ही घेऊन खाली उतरलो. भाव बीडाचा ठरला. त्याने काट्याला लावून पाहिलं.

"आठ किलो आठशे."

"नीट बघ. नऊ किलो आहे. टेल्कोच्या माणसाने हिशेब केलाय."

त्याने एक डिस्क उचलून आकाशाकडे धरली आणि भोकांमधून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, मग ते दोनशे ग्रॅम ड्रिलवाल्याकडनं घ्या की."